न मागितलेला वन्स मोर

मी नेमकं काय गाते हे आपल्या माणसांना समजावून सांगण्यात माझी निम्मी कारकीर्द गेली असेल. ‘क्लासिकल गाते’ म्हटलं की पुढचा प्रश्न घराण्याचा. ‘पाश्चात्त्य क्लासिकल’ म्हटलं की समोरचा माणूस एक हात छातीवर ठेवतो, तोंडाचा चंबू करून घरातल्या काचा फुटतील असा आवाज काढतो आणि विचारतो, “असंच ना?” असं नाही. मी त्याच्याही आधीचं गाते, अडीचतीनशे वर्षांपूर्वीचं, ज्याला बरोक म्हणतात. त्यात काचा फुटत नाहीत. त्यात आवाज लहान असला तरी चालतो, फक्त तो पळायला हवा. एवढं ऐकून घेतल्यावर लोक ‘अच्छा’ म्हणतात आणि लग्न झालंय का विचारतात.

माझा जन्म चंदीगडचा. बाबा तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते आणि अतिशय हळू बोलायचे. पेशंटला झोप लागेपर्यंत ज्याचा आवाज ऐकू येतो त्या माणसाने मोठ्याने बोलून कसं चालेल, असं आई म्हणायची. आई सांगलीची. माहेरून येताना तिने पातेली आणली नसतील एवढी नाट्यगीतं आणली होती, आणि ती रोज सकाळी गायची, कधी काळी चारमध्ये, कधी काळी पाचमध्ये. पट्टी सापडेपर्यंत हार्मोनियमशी भांडायची, मग मला शेजारी बसवून ताना घोटून घ्यायची. मी एकुलती एक, त्यामुळे पळून जायला वाव नव्हता. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “आज बेटी नू फेर डांट पई?” त्यांना आईचं गाणं आणि रागावणं यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही.

शाळा कॉन्व्हेंटची. तिथले संगीताचे सर गोव्याचे होते, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि माझ्याशी कोकणीतून वळून आलेल्या मराठीत बोलायचे. मी दहावीत असताना त्यांनी मला एकदा प्रार्थनेनंतर थांबवलं. “बाय, तुझा आवाज काय मोठा नाय,” ते म्हणाले. मला राग आला. सगळ्या वर्गात मीच बरी गाते अशी माझी समजूत होती. “पण धावतो मात्र असा, की पिंजौरची शेवटची बस सुटतेय. हे कुणी शिकवलं?” आईने, असं मी सांगितलं. सर संध्याकाळी घरी आले, त्यांनी आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तिचं एक नाट्यगीत ऐकलं आणि माझ्यासमोर एक कॅसेट ठेवली. तिच्यावर एक बाई इटालियनमध्ये अशा काही ताना घेत होती की आई स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊन बाहेर आली.

इथे कुणीतरी ‘संगीत शेवटी एकच असतं’ म्हणतं. मला ते वाक्य अजिबात आवडत नाही. एक नसतं. सरांच्या गाण्यात सगळं लिहिलेलं होतं, आणि आईच्या गाण्यात लिहायला गेलं की सगळं निसटायचं. फक्त एका ठिकाणी दोघांची गाठ पडायची. त्या जुन्या गाण्यांचे तीन भाग असतात. पहिला भाग गायचा, मग वेगळ्या भावाचा दुसरा, आणि मग पहिलाच परत. पण परत गाताना तो तसाच गायचा नसतो. गायिकेने त्यात स्वतःच्या मनाने हरकती, मुरक्या, ताना भरायच्या. रचणाऱ्याने ती जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. “तिथे तू त्याची नोकर नाय, मालकीण,” असं सर म्हणायचे.

मी तिथेच चोरी करायचे. ताना घरी पेन्सिलने लिहून काढायचे आणि तोंडपाठ करून जायचे. रट्टा मारणं हे आम्हा चंदीगडच्या हुशार मुलांचं मुख्य शिक्षण होतं, त्यात मी तरबेज होते. सरांच्या ते लगेच लक्षात यायचं. “ही काल केलेली भाजी,” ते म्हणायचे. “आज ताजी कर ना.” ताजी मला जमत नव्हती, कारण चुकायची भीती वाटायची.

तोवर देशाचा बाजार परदेशी मालाला उघडला होता. सेक्टर सतराच्या दुकानांत सीडी दिसू लागल्या, गच्च्यांवर डिश आल्या, आणि सरांनी परदेशी बनावटीचा एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला. बरोक गाण्याच्या साथीला हार्पसिकॉर्ड लागतो, तारा छेडून वाजणारा, पियानोचा आजोबा म्हणा. तो अख्ख्या शहरात कुणाकडे नव्हता. पण कीबोर्डवर कुत्र्याचं भुंकणं आणि हेलिकॉप्टर यांच्या मधोमध एक बटण हार्पसिकॉर्डचंही होतं. सरांना जणू खजिना सापडला. त्या एका बटणावर मी पुढची काही वर्षं शिकले, आणि दिवसा युनिव्हर्सिटीत एम. एस्सी.साठी झाडांची पानं कापून काचेवर ठेवत राहिले.

सरांचा एक जुना मित्र हॉलंडमध्ये ऑर्गन वाजवत असे. त्याच्यामार्फत त्यांनी माझ्या गाण्याची कॅसेट तिथल्या एका संगीत विद्यालयाकडे पाठवली. आमच्याकडे फॅक्स नव्हता, म्हणून सेक्टरच्या मार्केटमधल्या एसटीडी बूथचा नंबर दिला. उत्तर आलं तेव्हा मी घरी पोचायच्या आत ते बूथवाल्या सरदारजींनी वाचलं होतं. “वधाइयां जी, कुडी बाहर चली!” ते रस्त्याच्या पलीकडूनच ओरडले. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, शिंप्याने हात जोडले. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. सगळ्या मार्केटला कळल्यावर मग बाबांना कळलं.

बाबांनी तो कागद चष्मा काढून एकदा आणि लावून एकदा वाचला. “छान आहे,” ते म्हणाले. “विचार करू.” त्यांचं ‘विचार करू’ मला ठाऊक होतं. घरात फ्रिज यायच्या आधी त्यांनी दोन उन्हाळे विचार केला होता.

“जाऊ दे की तिला,” आई म्हणाली.

“तसं नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही. एम. एस्सी. अर्धवट सोडून एवढ्या लांब पाठवायचं म्हणजे... आपण सेकंड ओपिनियन घेऊ.”

“बाबा, मी काय पित्ताशय आहे का?” मी म्हणाले. बाबा हसले, पण हेका सोडला नाही.

सेकंड ओपिनियन देणार होते ते आमच्या मराठी मंडळातले काका. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मंडळातले सर्वांत ज्येष्ठ. तरुणपणी पुण्यात त्यांनी सगळं मोठं गाणं ऐकलं होतं, आणि आपण जे ऐकलं ते पुन्हा होणे नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. मंडळाच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या उशीवर बसत, आणि त्यांनी मान हलवली तरच बाकीचे टाळ्या वाजवत. बाबांनी ठरवलं की गणपतीच्या कार्यक्रमात मी काकांसमोर गायचं. काका म्हणतील तसं करायचं. मी आठवडाभर बाबांशी तुटक बोलत होते आणि घरभर ताना पाठ करत फिरत होते.

आता मंडळातल्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाट्यगीत रंगलं की आपले लोक ‘वन्स मोर’ मागतात आणि गाणारा मुखडा पुन्हा घेतो. तो मागायचा असतो. आमच्या मंडळात एक बँक मॅनेजर होते, त्यांना धीर नसायचा. टाळ्या वाजायच्या आतच ते स्वतः होऊन मुखडा पुन्हा उचलायचे. मॅनेजरांची पुढे लखनौला बदली झाली, पण ते आमच्यात राहिलेच. कुणी आग्रहावाचून जिलबी दुसऱ्यांदा वाढून घेतली तरी लोक म्हणत, “झाला का मॅनेजरांचा वन्स मोर?”

कार्यक्रम कम्युनिटी सेंटरमध्ये. लहान मुलांच्या कोळीनृत्यानंतर आणि हाउजीच्या आधी माझं नाव होतं. सर कोट घालून, कीबोर्ड घेऊन आले होते. माइकवाला येऊन कानात सांगून गेला, “मैडम जी, जोर नाल गाओ, पिच्छे पंखे बहुत ने.” मी काठापदराची साडी नेसून इटालियन गायला उभी राहिले. नवरा सोडून गेलेल्या एका राणीचा विलाप. पहिला भाग झाला. लोक आदराने गप्प होते. दुसरा, थोडा चिडका भाग झाला, आणि तो संपल्यावर दोघंचौघं गाणं संपलं असं समजून टाळी वाजवायला लागले. सरांनी मग पहिल्या भागाची सुरावट पुन्हा सुरू केली आणि मी ती ओळ परत उचलली.

सभागृहात खसखस पिकली. मला कळेना काय झालं. साडी सुटली की काय म्हणून मी खाली पाहिलं. तेवढ्यात काकांचा आवाज आला, त्यांना स्वतःला हळू वाटला असेल तो, “अहो, पण मागितला कुणी?” मागून कुणीतरी “मॅनेजर!” म्हणालं, आणि सगळा हॉल हसत सुटला. कोळीनृत्यवाली पोरंही हसत होती.

मला आयुष्यात इतका संताप क्वचित आला असेल. मी हात वर करून सरांना थांबवलं आणि माइकमध्ये म्हणाले, “काका, हा वन्स मोर नाही. गाणं अजून संपलेलंच नाही. पहिला भाग परत म्हणायचा, असंच ते रचलेलं आहे.”

काका गडबडले नाहीत. “असेल. पण तेच दोनदा कशाला?”

“तेच नाहीये. ऐका तरी आधी.”

हे मी ज्या आवाजात म्हणाले तो आईचा आवाज होता.  मी सरांकडे पाहून मान हलवली, त्यांनी सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की रागाच्या भरात पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडून गेलंय. एक तान आठवेना. ओळ तर समोर आली होती. मग मी सुचेल ते गायला लागले. पहिली हरकत जरा अडखळली, दुसरी सरळ गेली, तिसरीला मला मजा वाटायला लागली. राणीचं दुःख आणि माझा राग यांचं छान जमलं. सर लिहिलेली साथ सोडून, मान मागे टाकून हसत वाजवत होते आणि मी थांबेन तिथे थांबत होते, पळेन तिथे पळत होते. शेवटच्या ओळीवर मी एवढा मोठा वळसा घेतला की परत कसं यायचं याची मलाच काळजी पडली. पण आले. सा सापडला.

 सगळे काकांच्या मानेकडे पाहत होते. आणि मागच्या रांगेतून, खिडकीपाशी उभं राहून कुणीतरी मोठ्याने ओरडलं, “वन्स मोर!”

ते बाबा होते. मी त्यांचा चढलेला आवाज त्याआधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. आईने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं जणू तिथे भलताच माणूस येऊन उभा राहिलाय. मग टाळ्या पडल्या, मग आणखी दोघं ‘वन्स मोर’ म्हणाले, आणि मी तो भाग पुन्हा गायले. तिसऱ्यांदा, तिसऱ्याच पद्धतीने. सर खाली उतरल्यावर फक्त “ताजी,” एवढंच म्हणाले आणि मोदक शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा मला स्कूटरवर बसवून काकांकडे घेऊन गेले. मला वाटत होतं, आता औपचारिकताच उरली आहे. काकूंनी चहा दिला. काकांनी आधी माझं कौतुक केलं, आवाज चांगला आहे, मुलगी धीट आहे म्हणाले. मग बाबांकडे वळून म्हणाले, “पण डॉक्टर, तुम्ही मला प्रामाणिक मत विचारलंत म्हणून सांगतो. हे गाणं आपलं नाही. तिथे ती कायम उपरी राहील आणि इथे परत आली तर ऐकणारं कोण आहे? एम. एस्सी. पूर्ण करू दे. गाणं काय, घरीही म्हणता येतं. मला विचाराल तर पाठवू नका.” ते वाईट माणूस नव्हते. मला ते खरोखर माझ्या भल्याचं वाटून सांगत होते, म्हणून तर मला त्यांचा रागही धड येईना.

बाबांनी चहा संपवला, आभार मानले.   परतताना मी मागे बसून गपचूप रडत होते आणि प्रत्येक राऊंडअबाऊटला त्यांच्या पाठीवर आदळत होते. घरी पोचल्यावर त्यांनी हेल्मेट ठेवलं आणि आईला म्हणाले, “हिच्या पासपोर्टचं बघायला हवं.”

“हो म्हणाले का काका?”

“नाही. पाठवू नका म्हणाले.”

“मग?”

“सेकंड ओपिनियन घ्यायचं असतं,” बाबा म्हणाले. “ते ऐकलंच पाहिजे असं थोडंच आहे?” आणि हातपाय धुवायला निघून गेले.

तर मी गेले. काकांचं निम्मं खरं ठरलं, उपरी मी होतेच. पण पहिल्याच महिन्यात एका बाबतीत मी सगळ्यांच्या पुढे होते. बरोक वाद्यं आजच्या पट्टीपेक्षा अर्धा सूर खाली लावतात. माझ्या वर्गातल्या पियानोवर वाढलेल्या मुलांना त्याने भोवळ यायची. डोळ्यांना एक स्वर दिसतोय आणि कानाला दुसरा येतोय म्हणून ती वैतागायची. मला काहीच वाटलं नाही. आमच्या घरी सा रोज हलायचा, आईला सर्दी झाली की फारच.

माझी कारकीर्द झगमगीत वगैरे नाही. नाताळ आणि ईस्टरला मोठ्या गायकवृंदांत मी दुसऱ्या रांगेत असते, वर्षातून काही वेळा पुढे येऊन एकटी गाते. ऑपेरात मला बहुतेक देवी मिळतात. जुन्या ऑपेरांत शेवटी आकाशातून कुणीतरी उतरून सगळ्यांची भांडणं मिटवतं, ती मी. लाकडी ढगावर उभं राहून, खाली दोर सोडणारे दोन जाडे गृहस्थ कुरकुरत असताना, चेहऱ्यावर शांती ठेवून गाणं हे माझं खास कौशल्य. एका आयोजकाने मला साडी नेसून गाण्याचा आग्रह केला, तेव्हा मी त्याला विचारलं की व्हायोलिनवाल्याला तू तुमचे पारंपरिक लाकडी बूट घालायला सांगितले आहेस का. त्याने पुन्हा बोलावलं नाही. मला दुःख झालं नाही. दर रविवारी फोनवर आई ‘जेवलीस का’ विचारायची आणि बाबा ‘घसा?’ एवढंच.

निवृत्त झाल्यावर, दोन हजार सालाच्या बऱ्याच नंतर, बाबा पहिल्यांदा हॉलंडला आले. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून एकटेच. थंडगार दगडी चर्चमध्ये माझा कार्यक्रम होता. बाबा माकडटोपी घालून तिसऱ्या रांगेत बसले होते, शेजारच्या डच आजीने त्यांना पांघरायला आपली शाल दिली होती. मी गायले, बरं गायले. लोक पांगल्यावर आम्ही दोघं बाहेर कालव्याकाठच्या बाकावर बसलो. उन्हाळ्याची लांबलेली संध्याकाळ होती, तरी बाबांनी टोपी काढली नव्हती.

“एक सांगू का,” ते म्हणाले. “तेव्हा मी काकांकडे का गेलो होतो, माहितेय?”

“सेकंड ओपिनियन,” मी म्हणाले.

“ते नाही म्हणतील याची मला खात्री होती, म्हणून.” ते पाण्याकडे पाहत होते. “तू जाऊ नयेस असं फार वाटत होतं गं. एकच मुलगी. पण मला नाही म्हणता येईना. म्हटलं, त्यांनी म्हणावं. आणि म्हणालेही ते. अगदी मला हवं होतं तेच.”

“मग?”

“मग काय! आदल्या दिवशी तुला ऐकून बसलो होतो ना.”

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की माझ्या बाबांचा पहिल्यापासून माझ्यावर विश्वास होता, म्हणून त्यांनी मला पाठवलं. तसं नव्हतं. त्यांना मी घरात हवी होते. नकार आयता हातात आला होता, तोही वडीलधाऱ्या माणसाकडून, आणि तो त्यांनी त्या स्कूटरवरून येताना कुठेतरी टाकून दिला. मी मागे बसून स्वतःसाठी रडत होते, आणि पुढे ते काय सोडून देत होते हे मला दिसलंच नव्हतं. मला तिथे बाकावर हुंदकाच आला. बाबांनी खिशातून घडी केलेला रुमाल काढून दिला आणि उद्याही कार्यक्रम आहे, घसा सांभाळ, असं त्यांच्या हळू आवाजात म्हणाले.